साडूचा मासा

सासऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत, खिडकीच्या उजव्या हाताला एक खिळा आहे. त्या खिळ्यावर गेली चार वर्षं हेडक्लार्कांचा फोटो होता. पाणीपुरवठा खात्यात वीस वर्षं चोख नोकरी केल्याबद्दल मुख्य अभियंत्यांच्या हस्ते प्रमाणपत्र घेतानाचा. फोटो फार देखणा होता असं नाही, पण आल्यागेल्याला सासरे तो दाखवत आणि "हे आमचे थोरले जावई" म्हणत. तेवढं हेडक्लार्कांना पुरत असे.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी ते बायकोबरोबर सासुरवाडीला गेले, चपला काढून आत आले आणि बघतात तर खिळ्यावर साडू. साडूच्या दोन्ही हातांत आडवा धरलेला एक मासा. मासा इतका मोठा, की त्याच्यामागे साडूचा शर्ट दिसत नव्हता, नुसते दात दिसत होते.

"धाकट्या जावईबापूंनी पकडला," सासरे म्हणाले. त्यांना घरात सगळे अप्पा म्हणत. "धरणाच्या तलावात. गळाने. अर्धा तास झुंज चालली होती म्हणे."

"वा," हेडक्लार्क म्हणाले. मग पाणी प्यायचं निमित्त करून आत गेले. त्यांचा फोटो स्वयंपाकघराच्या दारामागे सापडला, पिशव्या अडकवतात तिथं. मुख्य अभियंत्यांच्या चेहऱ्यावर एक कापडी पिशवी लोंबत होती.

हेडक्लार्क या घरचे तेरा वर्षं एकटेच जावई होते. अप्पांच्या पेन्शनचे कागद, गच्चीची गळती, कुठल्या डॉक्टरकडे जायचं आणि कुठल्या नाही, सगळं त्यांच्या सल्ल्याने चाले. मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि साडू आला. औषधकंपनीत फिरतीची नोकरी, उंच, हसरा, डोक्यावर भरपूर केस, आणि कोणाशीही पाच मिनिटांत खांद्यावर हात टाकण्याइतकी ओळख. हेडक्लार्कांना तो 'दादा' म्हणे, आणि मनापासून म्हणे. खरी पंचाईत तिथंच होती. माणूस जरा तरी लबाड असता, तर हेडक्लार्कांचं निम्मं काम हलकं झालं असतं.

परत येताना बसमध्ये ते बायकोला म्हणाले, "मासे पकडणं म्हणजे काही विशेष नसतं."

"नसेल," बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"आणि पाणी म्हणजे माझंच खातं आहे."

"तुमचं नळाचं आहे," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर हेडक्लार्क गळाच्या सामानाच्या दुकानात हजर झाले. दुकानदार वयस्कर होता आणि कमी बोलत असे, पण जे बोले ते मोलाचं. तो म्हणाला, "उन्हाळ्यात पाणी तापतं, मासा खोल जातो. सकाळी लवकर बसा. काठी नऊ फुटी पुरे. दोरा बारीक घ्या, जाड दोरा माशाला दिसतो. गळही लहानच बरा. आपल्या तलावातल्या माशाचं तोंड नाजूक असतं."

हेडक्लार्कांनी साडूचं वर्णन करून विचारलं, "असे एक गृहस्थ येतात का तुमच्याकडे?"

दुकानदाराचा चेहरा एकदम उजळला. "ते होय? फार छान माणूस. त्यांची नऊ फुटीच आहे."

"मग मला बारा फुटी द्या," हेडक्लार्क म्हणाले. "दोरा सगळ्यांत जाड, गळ सगळ्यांत मोठा."

"हा गळ समुद्रातल्या माशाचा आहे."

"असू दे."

सामान झालं. आता परवाना हवा होता, कारण धरणाच्या तलावात गळ टाकायला परवाना लागतो, आणि तो हेडक्लार्कांच्याच कचेरीत, तळमजल्यावरच्या तिसऱ्या खिडकीत मिळतो. आपलंच घर म्हणून हेडक्लार्क रुबाबात खिडकीशी गेले. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज दोन्ही बाजूंनी पाहिला आणि परत दिला.

"गळाचा नमुना जोडला नाही."

"कसला नमुना?"

बाईंनी एक जुनं परिपत्रक पुढे सरकवलं. मनाई असलेल्या मापाचा गळ कोणी वापरू नये म्हणून प्रत्येक अर्जासोबत गळाचा प्रत्यक्ष नमुना जोडावा, असं त्यात लिहिलं होतं. मसुदा कोणाचा, ते हेडक्लार्कांनी भाषेवरूनच ओळखलं. 'प्रत्यक्ष' हा शब्द त्यांच्याशिवाय त्या इमारतीत कोणी वापरत नसे. "उत्तम नियम आहे," असं पुटपुटत ते वर आले. समुद्रातल्या माशाचा तो गळ त्यांनी टाचणीने अर्जाला लावला आणि अर्ज पुन्हा खाली पाठवला.

पुढे काय झालं, त्याची कचेरीत अजून चर्चा होते. तो गळ अर्जाच्या कागदातून आरपार जाऊन खालच्या फाइलीत घुसला, तिथून तिच्या खालच्या फाइलीत, आणि तीन फायली एकमेकींना धरून साहेबांच्या टेबलावर गेल्या. साहेबांनी वरच्या फाइलीवर सही केली, हात उचलला, तर हाताबरोबर तिन्ही फायली उठल्या. गळ साहेबांच्या कोटाच्या बाहीत रुतला होता. साहेब सोडवायला गेले तसा तो आणखी रुतला, कारण गळाची रचनाच तशी असते. शेवटी शिपायाने कात्रीने बाही कापली. साहेबांनी हेडक्लार्कांना बोलावून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही नक्की काय पकडणार आहात?"

परवाना मिळाला. त्यावर बाईंनी लाल शाईने 'लहान गळ' असा शेरा मारला होता; हेडक्लार्कांनी तो वाचला आणि मोठाच गळ परत घेऊन घरी गेले.

शनिवारी संध्याकाळी हेडक्लार्कांनी घरात काठी जोडून पाहिली. दोन तुकडे, मधे पितळी सांधा. सांधा खट्कन बसला तो बसलाच. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बारा फुटी काठीचं एक टोक मोरीत आणि दुसरं पलंगावर, अशा अवस्थेत बायकोने तासभर घरातली कामं वाकून केली. मग वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आले. पोस्टमास्तरांनी आयुष्यात मासा फक्त ताटात पाहिला होता, पण त्यामुळे त्यांच्या बोलण्यातला आत्मविश्वास कमी होत नसे.

"पितळ तापवा," ते म्हणाले. तापवलं. "आता गार करा." गार केलं. "मग चुकून आधी गार करायचं असेल."

तळमजल्यावरच्या दंतवैद्यांना बोलावलं. त्यांनी बाह्या सरसावल्या, काठीचं एक टोक पोस्टमास्तरांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "सरळ ओढायचं नसतं. डावीकडे, उजवीकडे, हलकेच, आणि रुग्णाशी बोलत राहायचं." पंधरा मिनिटं ते काठीशी गोड बोलले. सांधा हलला नाही. दंतवैद्य घाम पुसत म्हणाले, "हिच्या मुळातच दोष आहे," आणि निघून गेले.

जिन्याच्या वळणावर काठी वळेना, म्हणून पहाटे ती गॅलरीतून दोरीने खाली सोडली. जाता जाता तिने दुसऱ्या मजल्यावरची वाळत घातलेली चादर उचलली. खाली रस्त्यावर हेडक्लार्क उभे, वरून काठी येते आहे, काठीला फुलाफुलांची चादर, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाई गॅलरीत येऊन चादरीकडे बघताहेत, असा तो देखावा होता. कंडक्टरने काठी बसमध्ये घ्यायला नकार दिला. हेडक्लार्क तलावापर्यंत चालत गेले. वाटेत सगळ्यांनी विचारलं, "मासे पकडायला का?" येताना त्याच सगळ्यांनी विचारलं, "मिळाले का?"

नव्हते मिळाले. मिळणार कुठून? ते पोचेपर्यंत ऊन चढलं होतं, मासा खोल गेला होता, आणि जाड दोऱ्याच्या टोकाला लोंबणारा तो गळ बघून एखादा वर असलाच, तर तोही दचकून गेला असेल. असे उन्हाळ्यातले सात रविवार गेले. आठव्या रविवारी पलीकडच्या काठावर साडू दिसला. टोपी मागे सारून, गवतावर पाय पसरून, तलावाच्या पहारेकऱ्याशी गप्पा मारत तो बसला होता. गप्पा मारता मारताच त्याने दोन मासे काढले. दुसरा काढताना तर त्याने गप्पाही थांबवल्या नाहीत. हेडक्लार्कांनी आपल्या गळावरची कणीक काढून नवी लावली, तीही उगाचच चिडून.

पावसाळ्यात पाणी गढूळ झालं. दुकानदार म्हणाला, "आता माशाला दिसतं कमी, वासावर येतो. काठाजवळ येतो. गांडूळ लावा." पोस्टमास्तर म्हणाले, "वासच हवा ना? मग कणकेत बडीशेप, लसूण आणि थोडा कापूर घाला." हेडक्लार्कांनी तेही करून पाहिलं. मासा आला नाही, पण ऑफिसला जाताना बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा महिनाभर रिकामी राहिली.

गांडुळं विकत घ्यायची ती किती, म्हणून त्यांनी ती गॅलरीतल्या कुंड्यांमधे पाळली. पंधरा दिवसांत कुंड्यांना असा बहर आला की बघत राहावं. बायकोची जास्वंद गेली तीन वर्षं नुसती पानं काढत होती, तिला एकाच दिवशी सात फुलं आली. रविवारी हेडक्लार्क खुरपं घेऊन कुंडीशी बसले, तर बायको मागे येऊन उभी राहिली.

"एकालाही हात लावायचा नाही."

"अगं, मी आणलीत ती."

"आणली तुम्ही. पण आता ती कामाला लागलीत."

हेडक्लार्क दुकानातून गांडुळं घेऊन गेले. त्या पावसाळ्यात त्यांना बोटाएवढे चार मासे आणि एक छत्री मिळाली. छत्री चांगली होती.

याच सुमारास त्यांना एक खोड लागली. साडूने किती पकडले ते मोजायची. ऑफिसातून दुपारी ते पहारेकऱ्याच्या चौकीला फोन करत आणि कामाच्या आवाजात विचारत, "तलावावर आज किती मासे निघाले? आकडेवारी हवी आहे." पहारेकरी सरळ माणूस. तो सांगे, "इतरांचे तीन आणि त्या हसऱ्या साहेबांचे पाच." मग हेडक्लार्कांच्या टेबलावर आलेले त्या दुपारचे सगळे अर्ज काही ना काही त्रुटी काढून परत जात. अप्पांकडे गेलं की ते भिंतीकडे पाठ करून बसत. तरी त्यांना कळे, की पाठीमागे साडू हसतो आहे.

आणि साडूला यातलं काही ठाऊकच नव्हतं. दादाही तलावावर येतात हे कळल्यावर तो घरी आला, खूश होऊन त्याने काठी पाहिली आणि म्हणाला, "दादा, सांधा अडकलाय का? थोडं मेण लावून, गुडघ्यामागे काठी धरून, दोन्ही हातांनी पिळायचं." त्याने तसं केलं आणि सांधा सुटला. पोस्टमास्तर टाळ्या वाजवणार होते, पण हेडक्लार्कांचं तोंड बघून त्यांनी हात खिशात घातले.

हिवाळ्यात पाणी गार पडलं. दुकानदार म्हणाला, "आता मासा सुस्त. पळत नाही, भूकही कमी. आमिष अगदी इवलंसं. बारीक दोरा, बारीक गळ, मक्याचा एक दाणा, आणि दुपारी, पाणी जरा उबेला आलं की. मुख्य म्हणजे हलायचं नाही." यावेळी हेडक्लार्कांनी ऐकलं. रागाचा का होईना, वर्षभराचा सराव झाला होता. बूच कसं तरंगतं, नुसतं वारं आणि खरं तोंड यांतला फरक काय, कुठल्या खडकामागे पाणी संथ राहतं, हे त्यांना आता कळत होतं. आणि हलायचं नाही, ही तर सरकारी नोकरीतली त्यांची जुनी सवय.

हिवाळा सरता सरता एका रविवारी साडू म्हणाला, "दादा, आज एकत्र बसू या." नाही कसं म्हणणार? दोघं शेजारी बसले. साडूने डबा उघडला, चहा दिला, आपली चांगली जागाही दिली. दुपारी दोनच्या सुमाराला हेडक्लार्कांचं बूच एकदा थरथरलं, थांबलं, आणि मग कोणी खालून हळूच ओढावं तसं तिरकं खाली गेलं.

त्यांनी घाई केली नाही. काठी उचलली, आणि पलीकडून जे ओढलं गेलं त्याने त्यांचा खांदा पुढे आला. रीळ करकरत फिरू लागलं. दोरा बारीक होता, ओढला तर तुटणार. ते सोडत होते, घेत होते, पुन्हा सोडत होते. वीस मिनिटं. साडू बूट-पँटसकट कमरेपर्यंत पाण्यात उतरला, हातजाळं पुढे धरून. "सावकाश, दादा. थकू द्या त्याला. अगदी बरोबर चाललंय." मासा काठाशी आला तेव्हा साडूने जाळं खालून घातलं आणि दोघांनी मिळून तो वर घेतला. पोट फुगलेली मादी होती, साडूच्या माशाहून चांगली वीतभर लांब.

पहारेकऱ्याने फोटो काढला. मासा इतका बुळबुळीत की एकट्याला धरवेना. साडूचे हात मोठे, म्हणून डोकं आणि मधला भाग त्याच्याकडे गेला. हेडक्लार्कांकडे शेपूट आलं. मादी अंड्यांवर आहे म्हणून लगेच पाण्यात सोडून दिली.

पुढच्या रविवारी अप्पांच्या खिळ्यावर नवा फोटो लागला. हेडक्लार्कांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. शेजारपाजारची चार माणसं जमली होती. अप्पा म्हणाले, "बघा, धाकट्यांनी या वेळी आधीचाही विक्रम मोडला."

"नाही हो अप्पा," साडू लगेच म्हणाला. "मासा दादांचा आहे. सगळा त्यांनी पकडला. मी नुसतं जाळं धरलं."

अप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी साडूच्या पाठीवर हात ठेवला आणि शेजाऱ्यांना म्हणाले, "याला मन म्हणतात. एवढा मासा पकडून श्रेय मोठ्या भावाला देतोय."

"अप्पा, खरंच मी पकडला," हेडक्लार्क म्हणाले.

"हो, हो, तुम्हीच पकडलात," अप्पा समजुतीच्या आवाजात म्हणाले, आणि एका शेजाऱ्याने त्यांच्या हातात सरबताचा पेला दिला.

साडू जितक्या कळकळीने सांगे, तितकं लोकांचं त्याच्याविषयीचं मत उंचावत जाई. वीस मिनिटांच्या झुंजीचं वर्णन त्याने दादांचं नाव घेऊन इतकं सुरेख केलं, की एक बाई म्हणाल्या, "स्वतः केल्याशिवाय असं सांगता येणार नाही."

बसमध्ये हेडक्लार्कांनी तिकिटाची सुरळी केली, उलगडली, पुन्हा केली. मग बायको म्हणाली, "मला माहीत आहे, तुम्हीच पकडलात."

"तुला कसं माहीत?"

"जावईबापू खोटं बोलत नाहीत." हे ऐकून हेडक्लार्कांना आणखीच वाईट वाटलं. बायको पुढे म्हणाली, "आणि फोटोत तुम्ही माशाकडे बघतच नाही आहात. जावईबापूंकडे बघताय. कसा होता हो मासा?"

इतक्या दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. हेडक्लार्कांनी सांगायला तोंड उघडलं. साडूची पँट कुठवर भिजली होती ते त्यांना आठवत होतं. साडूच्या मनगटावरच्या घड्याळात किती वाजले होते तेही. माशाचा रंग मात्र आठवेना. खवले मोठे होते की बारीक, डोळा कसला होता, काही नाही.

"मोठा होता," ते म्हणाले.

एका थांब्यानंतर बायकोने पिशवी त्यांच्या मांडीवर दिली, एवढंच.

त्यानंतरच्या रविवारी ते एकटेच गेले. साडू फिरतीवर होता. पहारेकऱ्याला त्यांनी काही विचारलं नाही. दुपारी एक मासा लागला, जेमतेम तळहाताएवढा. त्यांनी हात ओला करून तो धरला आणि चष्मा वर सरकवून बघितला. पाठ हिरवट, पोटाकडे रुपेरी, कल्ल्याच्या कडेला तांबूस रेघ, आणि डोळ्याभोवती सोनेरी कडं. शेपटीला एक जुनी खोक होती. त्यांनी इतका वेळ बघितलं, की शेवटी मासाच कंटाळून वळवळला. त्यांनी त्याला पाण्यात सोडलं. तो जरा वेळ तिथंच दगडाशी थांबला आणि मग निघून गेला.

जिन्यात पोस्टमास्तर भेटले. "मिळाला का?"

"मिळाला."

"केवढा?"

हेडक्लार्कांनी तळहात पुढे केला. "एवढा."

पोस्टमास्तरांनी तळहाताकडे पाहिलं, मग हेडक्लार्कांच्या तोंडाकडे. वर्षभर हा माणूस रविवारी संध्याकाळी जिना चढायचा, तेव्हा तोंड बघवत नसे, आणि आज एवढ्याशा माशावर हा शीळ घालतोय. पोस्टमास्तरांचे डोळे बारीक झाले. "बसलात कुठे?"

"तिथंच. खडकापाशी."

"कुठल्या खडकापाशी?"

"असाच, एक आहे."

"आमिष कोणतं लावलंत?"

"मक्याचा दाणा."

"नुसता दाणा?" पोस्टमास्तर कठड्याला धरून एक पायरी खाली आले. "सांगायचं नसेल तर नका सांगू. इतक्या वर्षांचे शेजारी आहोत, म्हणून विचारलं. माझ्याही मनात होतंच काठी घ्यायचं. नऊ फुटी की बारा?"

"घ्या तुम्हाला हवी ती," हेडक्लार्क म्हणाले आणि पुढचा जिना चढू लागले. दाराशी पोचेपर्यंत पोस्टमास्तरांची नजर त्यांना पाठीवर जाणवत होती.

घरात शिरल्यावर त्यांनी हातपाय धुतले आणि पानावर बसले. त्या दिवशी त्यांना दोन घास जास्त गेले.